आपत्कालीन ट्रेनिंग : दोन दिवसांत काय घ्यावं, काय सोडावं?

प्रश्न
नमस्कार मंडळी. पाणी तपासणारे, अन्न निरीक्षक, डास-नियंत्रणवाले, कचरा-सांडपाणी बघणारे अशा सगळ्यांचं एकत्र ट्रेनिंग ठरवतोय. रोजचं काम त्यांना तोंडपाठ आहे, पण पूर-भूकंपात लॅब बंद, लाइट नाही, फोन लागत नाही, अशा वेळी आधी हात कशाला घालायचा इथेच गाडी अडते. दोनच दिवस मिळालेत, काय घेऊ?

पाणीवाला
पाण्याला अर्धा दिवस द्याच, आणि तोही वर्गात नाही, टँकरपाशी. १०,००० लिटरला २ मिलिग्रॅम प्रति लिटर डोस म्हणजे २० ग्रॅम क्लोरीन, ३३ टक्के क्लोरीन असलेल्या ब्लीचिंग पावडरचे साधारण ६० ग्रॅम, पण पिशवी उघडी राहून तीच पावडर २० टक्क्यांवर आली असेल तर १०० ग्रॅम लागतात, हा हिशोब प्रत्येकाने स्वतः कागदावर करायला हवा. पावडर आधी बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणीच टाकीत ओतायचं, अर्ध्या तासाने क्लोरीन तपासायचं, लिटरमागे निदान ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम शिल्लक दिसलं पाहिजे. मुद्दाम गढूळ पाणी द्या, गाळ क्लोरीन कसा खाऊन टाकतो ते डोळ्यांनी बघू दे, म्हणजे आधी तुरटी का फिरवायची ते सांगावंच लागणार नाही.

छावणी_अनुभव
+१. दुसऱ्या दिवशी निवारा केंद्राचा सराव घ्या. नकाशा द्या, ५०० माणसं आलीत म्हणा आणि विचारा, पाणी किती? स्फिअरच्या (आपत्ती-मदतीची आंतरराष्ट्रीय किमान मानकं) हिशोबाने माणशी रोज १५ लिटर धरलं तर ७,५०० लिटर. संडास सुरुवातीला ५० माणसांमागे एक, नंतर २० मागे एक, म्हणजे १० वरून २५ वर जायचं. मग मध्येच चिठ्ठी द्या, ‘सहा मुलांना जुलाब’. आता टीम आधी स्वयंपाकघर बघते, पाणी बघते की हात धुवायची जागा, आणि रुग्णांची यादी कोण करतं, तिथे खरं ट्रेनिंग होतं बघा.

प्रश्नकर्ता
चिठ्ठीची कल्पना भारी! स्वतःच्या सेफ्टीचं कुठे बसवू?

सेफ्टी_फर्स्ट
पहिल्याच तासात, शेवटी ठेवलं की हमखास राहून जातं. धनुर्वाताचं इंजेक्शन, गमबूट, ग्लोव्हज, जखम झाकल्याशिवाय पुराच्या पाण्यात पाय नाही. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद खोलीत जनरेटर लावला तर कार्बन मोनॉक्साइडचा वाससुद्धा येत नाही, ह्या दोन गोष्टी साफसफाईवाल्यांनाही सांगा. आणि ड्यूटीचे तास ठरवा प्लीज, सलग जागलेला माणूस पावडर मोजताना चुकतोच.

छावणी_अनुभव
अजून एक, रिपोर्ट कुणाला करायचा ते सरावातच ठरवून टाका. प्रत्येक विभाग आपापल्या वरिष्ठाला कळवत बसला तर एकाच विहिरीत तिघं क्लोरीन टाकतात आणि शेजारची तशीच राहते. एकच प्रमुख, एकच फळा, कुठलं पाणी तपासलं आणि किती वाजता ते त्याच्यावर लिहायचं. सोडायचंच असेल तर कायदे-नियमांचं लेक्चर सोडा, ते छापून हातात देता येतं.