हायड्रो फेरी, 1944: प्रवाशांना सावध का केलं नाही?

डोंगरवाट: जर्मनांच्या ताब्यातल्या नॉर्वेच्या टिन सरोवरात 20 फेब्रुवारी 1944 ला नॉर्वेजियन प्रतिकार चळवळीतल्या क्नुट हाउकेलिड आणि साथीदारांनी हायड्रो नावाची फेरी बोट बुडवली. जर्मनीला निघालेलं, अणुसंशोधनाला लागणारं जड पाणी तळाशी गेलं, पण 18 माणसंही गेली, त्यातली 14 नॉर्वेजियन. आपल्याच लोकांची बोट का? दुसरा मार्ग नव्हता?

खलाशी_काका: होते, पण परवडणारे नव्हते. फेब्रुवारी 1943 मध्ये व्हेमोर्कच्या जड पाणी बनवणाऱ्या कारखान्यात घुसून एकही जीव न घेता यंत्रं उडवली होती. त्यानंतर पहारा इतका कडक झाला की ते पुन्हा जमणं कठीण. नोव्हेंबरात अमेरिकी बॉम्बफेकीत वीसेक नागरिक गेले आणि तळघरातलं जड पाणी शाबूत राहिलं. मग जर्मनांनी ते हलवायला घेतलं. रूकान गावात माल भरलेल्या रेल्वे वॅगनींभोवती सैनिक आणि दिव्यांचा झोत. त्या वॅगनी नेणाऱ्या बोटीवर मात्र रात्री जर्मन पहाराच नाही! एवढा एकच ढिला दुवा.

दिवस रविवार निवडला, कारण त्या फेरीला गर्दी सर्वांत कमी. कारखान्यातला अभियंता आल्फ लार्सन याने माल त्याच दिवशी निघेल असं जुळवलं. बोट दहाला सुटे, खोल पाण्यात शिरायला अर्धा तास लागे. हाउकेलिडने आधी स्वतः प्रवास करून हे ताडून पाहिलं. स्फोटासाठी गजराची दोन घड्याळं 10:45 ला लावली.

खरी कोंडी स्फोटाने बोटीला पडणाऱ्या भोकाच्या आकाराची. लहान पडलं तर कप्तान बोट किनाऱ्याला लावणार. फार मोठं केलं तर कुणालाच बाहेर पडता येणार नाही. चार-पाच मिनिटांत बुडेल असा हिशोब धरला. स्फोटकं नाकाशी ठेवली, म्हणजे नाक खाली जाऊन सुकाणू आणि पंखा पाण्याबाहेर येईल. तसंच झालं. किनारा जवळ होता म्हणून शेतकऱ्यांनी होड्या घालून बरेच जण वाचवले.

अर्धविराम: सावध करण्याबद्दल: एका प्रवाशाला सांगायचं म्हणजे त्याच्या घरादाराला सांगणं. बातमी फुटली की माल दुसऱ्या वाटेने जाणार. तरी माणूस माणूसच. कारखान्यातल्या गुन्नार सीव्हर्स्टाडची आई त्याच बोटीने निघणार होती. त्याने तिच्या जेवणात जुलाबाचं औषध घातलं. आई वाचली, शेजारच्यांना ती सोय नव्हती. मला या प्रकरणात सर्वांत टोचतं ते हे. बोटीवरच्या नॉर्वेजियन पहारेकऱ्यालाही स्फोटाबद्दल काही सांगितलं नाही. हाउकेलिडने निघताना फक्त हात मिळवला.

डोंगरवाट: पण जर्मन अणुबॉम्बच्या जवळपासही नव्हते ना?

खलाशी_काका: ते आज कळतं. हाउकेलिडच्या गटाने लंडनमधल्या वरिष्ठांना विचारलं होतं की जर्मनांनी सूड उगवला तर एवढी किंमत देण्यासारखं हे काम आहे का. उत्तर आलं: फार महत्त्वाचं आहे, करा. म्हणून मला वाटतं, जाब विचारायचा तर आधी लंडनला.

अर्धविराम: अर्धंच पटतं. हुकूम लंडनचा, पण रविवार, वेळ आणि भोकाचा आकार हाउकेलिड आणि साथीदारांनीच ठरवला. त्या 18 मध्ये त्यांचाही वाटा आहे.