मदत हवी आहे: गिटार प्रीॲम्पच्या एडिटरचा स्क्रीन सुधारायचाय, रविवारी कार्यक्रम आहे

तारछेड:
गिटारच्या प्रीॲम्पसाठी (ॲम्पच्या आधी टोन घडवणारं यंत्र) मी स्वतः एडिटर लिहिलाय, म्हणजे लॅपटॉपवरून त्याचे नॉब फिरवायचं सॉफ्टवेअर. आवाज बदलतो, सेव्ह होतो, पण वापरताना जीव मेटाकुटीला येतो. बेसचा नॉब माउसने फिरवला की बराच वेळ काहीच होत नाही, मग आवाज एकदम उडी मारतो. काल तालमीत भलताच पॅच (सेव्ह केलेला टोन) वाजला, स्क्रीनवर नाव मात्र बरोबर होतं. रविवारी भावे नाट्यमंदिरात ऑर्केस्ट्रा आहे. रंग, फॉन्ट, मांडणी, काहीही सुचवा, पण लवकर.

मिरजकर६२:
कुठला प्रीॲम्प? कसा जोडलाय? हे सांगितल्याशिवाय काय सुचवणार?

रॅकमुक्त:
भावा, विकून टाक आणि फ्लोअर मॉडेलर घे, पायाशी ठेवायचा, सगळे टोन त्यातच. मी रॅक (यंत्रांची जड पेटी) काढला तेव्हापासून पाठ दुखायची थांबली. एक पिशवी खांद्याला लावायची की निघालो.

तारछेड:
विकायचा नाही. मार्शलचा जेएमपी-१ आहे, लॅपटॉपला मिडीने (वाद्यांना आकड्यांतून हुकूम पाठवायची पद्धत) जोडलाय. स्क्रीनबद्दल बोला ना कुणीतरी.

पट्टीवाला:
गोल नॉब माउसने कधीच नीट फिरत नाही. सगळे काढा, उभ्या पट्ट्या करा. अंधारात लांबूनही दिसतात.

मिरजकर६२:
पट्टीवाले, असहमत. नॉबची खूण कुठे आहे यावरून गिटारवाल्याला टोन कळतो, ती सवय मोडू नका. नॉब गोलच ठेवा, फक्त माउस वर-खाली ओढला की फिरू दे.

पट्टीवाला:
मग पट्टीत काय वाईट आहे? मी दहा वर्षं मिक्सरवर बसलोय.

ट्यूबप्रेमी:
आत दोन ईसीसी८३ ट्यूब असतात. शेवटच्या कधी बदलल्या? निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

तारछेड:
ट्यूब गेल्या वर्षीच बदलल्या. आवाजाची तक्रारच नाहीये हो.

कृष्णाकाठ:
बेसचा नॉब किती ते किती ठेवलाय?

तारछेड:
० ते १२७. मिडीचा कंट्रोलर तेवढाच असतो ना?

कृष्णाकाठ:
इथेच गडबड आहे. मिडीत १२८ किमती असतात, पण त्या यंत्रात बेस −६ ते +६, म्हणजे मोजून १३ पायऱ्या. तुमचा नॉब नऊ-दहा घरं सरकतो तेव्हा आत एक पायरी बदलते. नॉबला १३ खाचा द्या आणि खाली यंत्राच्या तोंडावर दिसतो तोच आकडा लिहा. मिडल, ट्रेबल, प्रेझेन्सलाही तेच. गेन आणि व्हॉल्यूम ० ते २०. आणि पायरी बदलली तरच संदेश पाठवा, माउस हलला म्हणून नाही.
आता पॅचचं. केबल एक आहे की दोन?

तारछेड:
एकच. लॅपटॉपमधून प्रीॲम्पच्या इनला.

कृष्णाकाठ:
तालमीत कुणी यंत्रावरचं बटण दाबलं होतं का?

तारछेड:
हो, कीबोर्डवाल्या दादांनी. मी ट्यून करत होतो.

कृष्णाकाठ:
मग लॅपटॉपला ते कळणार कुठून? मिडीची तार एकाच दिशेने बोलते. शिवाय पॅचची नावं तुमच्या यादीतली, यंत्राकडे फक्त १ ते १०० आकडे. त्यामुळे स्क्रीनवर 'चालू' असं लिहूच नका, 'शेवटचा पाठवलेला' लिहा. शेजारी 'पुन्हा पाठवा' असं मोठं बटण ठेवा, गाण्याआधी एकदा दाबायचं. पॅच बदलून सेव्ह केला नसेल तर नावापुढे लाल ठिपका. रंगांची चर्चा नंतर.

सतारगल्ली:
विषय निघालाच आहे म्हणून विचारते. आमच्या मिरजेच्या तानपुऱ्याला पिकअप लावून असल्या प्रीॲम्पमधून घेतला तर जवारी (तारांची ती झणझणती गुंज) टिकेल का?

मिरजकर६२:
ताई, गिटारचा प्रीॲम्प नको, जवारी मारतो. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.

तारछेड:
१३ खाचा केल्या. बोटाखाली टक टक असं जाणवावं तसं झालंय, उडी गेली! लाल ठिपकाही आला. आता यंत्रातले पॅच लॅपटॉपवर उतरवून घ्यायचेत, त्याला आऊटची दुसरी केबल लागेल. पाच पिनची, आज सांगलीत कुणाकडे आहे का? मी विश्रामबागला आहे.

पट्टीवाला:
माझ्याकडे आहे. सहानंतर या, रविवारनंतर परत द्या. पट्ट्यांचं मात्र अजूनही मनावर घ्या.