झेब्राफिशची पिल्ले कवचातून उशिरा बाहेर येतात: नॅनोकण सुरक्षित म्हणावेत का?

मृण्मयी_प
मी पुण्यात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी तुळशीच्या अर्कातून झिंक ऑक्साइडचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) तयार करून झेब्राफिश या छोट्या माशाच्या भ्रूणांवर ९६ तासांची चाचणी घेतली. जास्त मात्रेतही भ्रूण फारसे मेले नाहीत आणि हृदयाचे ठोके नियमित दिसतात. मात्र कंट्रोलमधली, म्हणजे कण न घातलेल्या पाण्यातली, पिल्ले तिसऱ्या दिवसापर्यंत बाहेर आली, तर कणांच्या पाण्यातली बरीचशी चौथ्या दिवशीही कवचातच होती. प्रबंधात हे कण सुरक्षित असल्याचे लिहावे का? पुढे ते औषधवाहक (शरीरात औषध पोहोचवणारे कण) म्हणून सुचवायचे आहेत, त्यासाठी एवढा पुरावा पुरेल का?

सूक्ष्मदर्शी
‘सुरक्षित’ हा शब्द तूर्त वापरू नये. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१३ सालच्या २३६ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत मृत्यूच्या खुणा चारच आहेत: भ्रूण गोठणे, कायखंड (पाठीच्या बाजूचे शरीराचे खंड) न बनणे, शेपटी पीतकापासून (पोषक बलकापासून) न सुटणे आणि हृदयाचे ठोके न दिसणे. पिल्लू बाहेर आले की नाही याची नोंद होते, परंतु ती मृत्यूत धरली जात नाही. म्हणजे तुमच्या निकालातून तीव्र मारकता दिसली नाही, एवढेच म्हणता येते.

खरा निकाल तर त्या उशिरातच आहे. कवच विरघळवण्यासाठी भ्रूण एक विकर (एन्झाइम) सोडतो, आणि झिंक व कॉपर ऑक्साइडमधून सुटणारे धातूंचे आयन (विद्युतभारित अणू) त्याच विकराला अडवतात, हे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील गटाने दाखवले आहे. आयन बांधून ठेवणारे द्रव्य घातल्यावर हा अडथळा ओसरतो. म्हणून परिणाम कणांचा की त्यांतून विरघळलेल्या जस्ताचा, हे आधी वेगळे केले पाहिजे. त्यासाठी विरघळलेल्या जस्ताइतक्याच मात्रेचे झिंक सल्फेट, नुसता तुळशीचा अर्क आणि कण गाळून उरलेले पाणी असे तीन जादा गट ठेवावेत. अर्काचा गट अनेक प्रबंधांत नसतोच, आणि मग पानांतल्या रसायनांचे पाप कणांच्या माथी बसते.

अनघा_क
वरच्या प्रतिसादाला पुस्ती. कणांचा आकार डिस्टिल्ड वॉटरमध्ये नव्हे, तर ज्या पाण्यात भ्रूण ठेवले त्याच पाण्यात, सुरुवातीला आणि २४ तासांनी मोजावा. त्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात, भ्रूणही तळाशीच असतात, आणि कागदावरची मात्रा व प्रत्यक्ष मात्रा यांचा मेळ राहत नाही. कवचाची छिद्रे साधारण अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास असतात, त्यामुळे सुटा कण आत जाऊ शकतो, पण मोठा गठ्ठा बाहेरच राहतो. कवच काढलेल्या भ्रूणांचा एक गट ठेवल्यास यातले बरेच उलगडेल.

पाणवठा
औषधवाहकाचा प्रश्न मात्र पाण्यात बुडवून सुटणारा नाही. रुग्णाला औषध शिरेतून द्यायचे असेल, तर कण पिल्लाच्या रक्तातच टोचावे लागतात. या माशाचे खरे मोल तिथे कळते, कारण पारदर्शक शरीर आणि चमकणाऱ्या रक्तवाहिन्या असलेल्या वाणात कण कुठे अडकतो, हे सूक्ष्मदर्शकाखाली जिवंतपणी दिसते. नेदरलँड्समधील लायडनच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले की, ऋणभारित नॅनोकण शेपटीतल्या शिरांच्या अस्तरपेशी स्टॅबिलिन-२ या पेशीवरच्या ग्राहक प्रथिनाच्या (रिसेप्टरच्या) मदतीने उचलतात. सस्तन प्राण्यांच्या यकृतातही असेच काम करणाऱ्या अस्तरपेशी असतात. ऑस्लोच्या गटाने २०१४ मध्ये रिफॅम्पिसिन हे क्षयाचे औषध भरलेले नॅनोकण मायकोबॅक्टेरियम मरिनम या, माशांत क्षयासारखा आजार करणाऱ्या, जिवाणूने बाधित केलेल्या पिल्लांना टोचून पाहिले होते. क्षयाच्या औषधांचा विचार करणाऱ्यांनी ते काम जरूर पाहावे.

तरीही मर्यादा लक्षात असू द्याव्यात. या माशाला फुप्फुसे नाहीत, तो साधारण २८ अंशांत वाढतो आणि पहिल्या आठवड्यात त्याची अर्जित (विशिष्ट जंतू ओळखून घडणारी) प्रतिकारशक्ती तयार झालेली नसते. सत्तर टक्के मानवी जनुकांना या माशात जोड सापडते, हे वाक्य बहुतेक प्रस्तावनांत असते, पण तेवढ्यावरून माणसातली मात्रा ठरवता येत नाही.

मृण्मयी_प
आभारी आहे. झिंक सल्फेटचा गट लगेच लावते. उशिरा बाहेर येणारी पिल्ले सहाव्या-सातव्या दिवसापर्यंत पाहिली तर चालेल का?

सूक्ष्मदर्शी
युरोपीय कायद्यात पिल्लू स्वतंत्रपणे खाऊ लागल्यापासून, म्हणजे सर्वसाधारणपणे पाचव्या दिवसानंतर, संरक्षित प्राणी ठरते. त्यामुळे मुदत वाढवण्याआधी तुमच्या संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची लेखी परवानगी घ्यावी. ती नंतर मागता येत नाही.