स्ट्रोकनंतर बाबांनी मनानेच हाय खाल्लीय, पॉझिटिव्ह सायकॉलॉजीचा खरंच उपयोग होतो का?

मुक्तछंद_७
नमस्कार मंडळी. बाबांना काही महिन्यांपूर्वी स्ट्रोक आला, उजवी बाजू गेली होती, आता काठी घेऊन घरातल्या घरात चालतात, बोलणं अडखळत पण कळतं. डॉक्टर खूश आहेत. पण बाबांना कशातच रस उरलेला नाही, फिजिओ आला की भिंतीकडे तोंड करून पडून राहतात, आणि मधेच टीव्हीवर एखादी फालतू जाहिरात लागली तरी हुंदके देऊन रडतात. नातेवाईक फोनवर 'पॉझिटिव्ह राहा' म्हणतात, त्याने तर ते भडकतातच. आता एकाने पॉझिटिव्ह सायकॉलॉजी (माणसातल्या चांगल्या बाजूंवर भर देणारं मानसशास्त्र) सुचवलीय, रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या म्हणे. उजवा हात उचलत नाही, लिहिणार कशाने? कुणाला अनुभव आहे का?

ओसरी
रिहॅबमध्ये काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी एक, स्ट्रोकनंतर साधारण तीनातल्या एका पेशंटला डिप्रेशन येतं आणि ते फक्त 'आता माझं कसं होणार' या काळजीने येतं असं नाही, मेंदूला झालेली इजा हेही कारण असतं. म्हणजे बाबा हट्टीपणा करतायत असं घरात कुणी म्हणत असेल तर ते आधी थांबवा. दुसरं, ते जाहिरातीवरचं रडणं कदाचित वेगळंच प्रकरण असेल. भावनांवरचा मेंदूचा ब्रेक सैल होतो, मग वाईट वाटत नसतानाही रडू फुटतं, काहींना तर नको तिथे हसू येतं. रडून झाल्यावर त्यांना शांतपणे विचारा की आत्ता खरंच वाईट वाटत होतं का. 'नाही, आपोआप आलं' असं म्हणाले तर न्यूरॉलॉजिस्टला तसंच्या तसं सांगा. दोन्हींवर औषधं आहेत. आणि 'जगून काय करू' असं काही बोलले तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

तीन गोष्टींचं म्हणाल तर लिहायलाच हवं असं कुठेय? तोंडी सांगू देत, तुम्ही लिहा, शब्द सापडत नसेल तर फोटोवर बोट ठेवू देत. फक्त गोष्ट छोटी आणि त्याच दिवसाची हवी, आणि ती का घडली हेही विचारायचं, कारण 'मी स्वतः शर्टाचं बटण लावलं' यात त्यांचा वाटा त्यांना दिसतो.

खडूस_काका
जरा थंड पाणी ओततो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मननी १९९८ पासून हा विषय पुढे आणला, आणि त्या तीन गोष्टींचा गाजलेला अभ्यास २००५ चा. आठवडाभर केलं तरी सहा महिन्यांपर्यंत फरक दिसला, हे खरं. पण ती माणसं वेबसाइटवरून स्वतःहून आलेली होती, स्ट्रोकचे पेशंट नव्हेत! मेंदूच्या इजेनंतरचे प्रयोग लहान लहान आहेत. तेव्हा करा जरूर, पण औषध आणि समुपदेशन सोडून हेच, असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

चिंचोका
काकांशी सहमत, तरी आमच्याकडे एका गोष्टीने फरक पडला ती सांगते. या विषयात २४ गुणांची यादी असते, चिकाटी, विनोदबुद्धी, शिकायची आवड असं बरंच काही, त्यातले आपले ठळक गुण ओळखून ते रोज नव्या पद्धतीने वापरायचे. सासूबाई आयुष्यभर हिशोब चोख ठेवणाऱ्या, स्ट्रोकनंतर आम्ही प्रेमापोटी सगळंच त्यांच्या हातातून काढून घेतलेलं आणि त्या नुसत्या बसून. मग घरखर्चाची वही परत त्यांच्याकडे दिली, आकडे मुलगी लिहायची, बेरीज तपासायचं काम त्यांचं. चुकायच्या, वैतागायच्या, पण सकाळी 'वही आण' असा हुकूम सुटायला लागला. तुमचे बाबा आधी कशात हुशार होते? तिथूनच काहीतरी काम काढा, आणि काम खरं हवं, त्यांना बिझी ठेवायचं म्हणून दिलेलं लगेच ओळखतात ही माणसं.

मुक्तछंद_७
सगळ्यांचे आभार. बाबांना विचारलं, जाहिरातीच्या वेळी वाईट वगैरे काही वाटत नाही म्हणाले, उलट लाज वाटते म्हणून बाहेर कुणासमोर यायचं नाही. हे आम्हाला माहीतच नव्हतं! फिजिओचं मात्र 'काय उपयोग' एवढंच. न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेतलीय. बाबा रेडिओ दुरुस्त करायचे, त्यावरून काहीतरी सुचतंय.

ओसरी
उत्तम. शेजारपाजारच्यांना आधीच सांगून टाका की रडले तर गडबडून जाऊ नका, गप्पा चालू ठेवा, म्हणजे लाज कमी होते. फिजिओलाही सांगा की 'दहा वेळा हात उचला' ऐवजी रेडिओचं बटण फिरवणं हे टार्गेट ठेव. आणि डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांची यादी न्या, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आवर्जून दाखवा, डिप्रेशनच्या काही औषधांबरोबर रक्तस्रावाची शक्यता वाढते.