'आश्रमात टाकलं' म्हणणाऱ्यांना उत्तर

मिरजकर_तिकटी
कालपासून एक पोस्ट फिरतेय: 'कोल्हापूरची माणसं आई-बापाला घरातच सांभाळतात, आश्रमात टाकणाऱ्याला काळीज नसतं.' खाली सगळ्यांनी हात जोडलेत. मला हे सहन होत नाही, कारण असल्या वाक्यांच्या धाकानं घराघरांत चुकीचे निर्णय होतात. पडून राहून माकडहाडावर झालेली जखम हाडापर्यंत जाते तरी माणूस घरातच ठेवतात, आणि गल्ली म्हणते 'चांगलं सांभाळलं'.

आधी माणसाला काय जमतंय ते बघा, जागा नंतर. सहा गोष्टी तपासायच्या: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, खाटेवरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा, हातानं जेवणं. सहाही जमत असतील तर स्वतःचं घर किंवा निवृत्तांची वसाहत, आणि दिवसा विरंगुळा केंद्र. एक-दोन अडत असतील तर घरी दिवसाची मावशी, म्हणजे पगारी सेविका, किंवा सशुल्क वृद्धाश्रम. चार-पाच अडली की शुश्रूषाच लागते, घरी लावा नाहीतर शुश्रूषा केंद्रात ठेवा. स्मृतिभ्रंश हा वेगळा विषय. तिथं सुरुवातीला सहाही जमतात, पण गॅस चालू राहतो आणि दिवस कलला की 'मला घरी जायचंय' म्हणून माणूस दाराबाहेर पडतो. त्याला साध्या वृद्धाश्रमात ठेवलं तर उघड्या फाटकातून तो थेट हायवेला लागेल.

बावडेकर
यादी चांगली हाय साहेब. पण तुम्ही केंद्र म्हणतासा, तिथं रात्री काय चालतंय ते लिहा की. दिवसा भेट दिली की पांढऱ्या कपड्यातली चार पोरी दाखवतात. म्हातारं माणूस पडतंय रात्री, संडासला उठताना. रात्रपाळीला वीस जणांमागं एक माणूस, आणि तोही झोपलेला. म्हाताऱ्यांनी आरडाओरडा करू नये म्हणून झोपेची गोळी देतात. गोळीनं झोपलेला माणूस कूस बदलत न्हाई, मग जखम होणारच. गुंगीत घास भरवला की छातीत जातो, न्यूमोनिया होतो. जखम काय फक्त घरातच होत न्हाई.

शुश्रूषा_आठवी_गल्ली
बावडेकर दादा, गोळीबद्दल तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. त्यावर उपाय म्हणजे केंद्रात गेल्यावर औषधांचा तक्ता मागायचा: कुठली गोळी, किती वाजता, कुणी दिली, कुणाची सही. तक्ता दाखवत नसतील तर मागं फिरायचं. दुसरं, सांगून जायचं नाही आणि रात्री साडेनऊनंतर जायचं.

पण घराचा हिशेबही मांडा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. बारा-बारा तासांच्या पाळ्या धरल्या तर आठवड्याला चौदा. एक मावशी सुट्टी सोडून सहा करते. म्हणजे दोन मावश्यांत भागत नाही, तिसरी लागते. तिसरी कुणी लावत नाही. ते काम सुनेच्या अंगावर पडतं, आणि पोस्ट लिहिणारा मुलगा शेजारच्या खोलीत झोपतो.

एअर मॅट्रेसवर, म्हणजे पंपानं हवा भरत-सोडत राहणाऱ्या गादीवर, सगळ्यांचा फार भरवसा. गादीवर रग टाकतात, रगावर रबरी कापड, त्यावर चादर ताणून खोचतात. मग हवा भरली काय अन् सोडली काय, अंगाला कळतच नाही. वर एकच सैल सुती चादर हवी, पंपाचा दाब वजनाप्रमाणं लावायचा, आणि गादी असली तरी कूस बदलायचीच. टाच उशीवर टेकवायची नाही. पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी ठेवायची. नाकातून जेवणाची नळी असेल तर डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश वर, आणि भरवून झाल्यावरही अर्धा-पाऊण तास तशीच. नळीतून दिलं की लगेच आडवं करतात. छातीत जातं ते तिथं.

बावडेकर
सुनेला मधी कशाला आणतासा? आमच्याकडं पोरं पण करतात. सगळ्या घरांना एका मापानं मोजू नका.

शुश्रूषा_आठवी_गल्ली
करतात त्यांना नमस्कार. डायपर बदलायला कोण उठतं, एवढंच घराघरांत विचारा. मग मला उत्तर द्या.

मंगळवार_पेठ
भांडण थांबवा, मुद्दा पैशाचा आहे. तिसरी मावशी लावायची म्हटलं तर कुणाच्या खिशातून? म्हाताऱ्यांच्या हातात काही राहिलेलंच नसतं. साठी झाली की घर पोरांच्या नावावर. बक्षीसपत्राला स्टॅम्प किती, तर राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, नातवाला देताना २०० रुपये. स्वस्त म्हणून करून टाकतात. पुढं आजारपण आलं की मुलगा ठरवणार केंद्र की घर, आणि खर्च परवडत नाही म्हणणाराही तोच. मृत्युपत्र करा म्हणून कानीकपाळी ओरडलं तरी ऐकत नाहीत. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार पुरतात, आणि शुद्ध जागेवर असेपर्यंत कितीदाही बदलता येतं.

प्रांत_कचेरी_फेरी
दिलेलं परत मिळू शकतं. २००७ च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ आहे त्यासाठी. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर व्यवहार रद्द करून घेता येतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडं.

मंगळवार_पेठ
अट कुठं असते कागदात? 'प्रेमापोटी देत आहे' एवढंच टंकलेलं असतं. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलंय की सांभाळण्याची अट होती हे दाखवावं लागेल. अर्धवट सांगून लोकांना आशेला लावू नका.

प्रांत_कचेरी_फेरी
अर्धवट कोण सांगतंय? त्याच न्यायालयानं २ जानेवारी २०२५ ला मध्य प्रदेशच्या एका प्रकरणात आईचं बक्षीसपत्र रद्द केलं. हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूनं उदारपणे वाचा, असं त्यात म्हटलंय, आणि न्यायाधिकरण ताबाही परत देऊ शकतं हेही. पण तिथं मुलानं सांभाळण्याचं लिहून दिलेलं होतं, हे मान्य. म्हणून बक्षीसपत्र करायचंच असेल तर दोन वाक्यं दस्तातच घाला. एक: देणारे आणि त्यांचा जोडीदार हयात असेपर्यंत त्याच घरात राहतील. दोन: घेणारा अन्न, औषध, शुश्रूषा यांचा खर्च करील, न केल्यास बक्षीसपत्र रद्द समजावं. वेगळ्या कागदावर नको, तो हरवतो.

दरमहा पोटगीही मागता येते, पण केंद्र सरकारच्या या कायद्यात कमाल १०,००० रुपये. रात्रंदिवस शुश्रूषेला ते पुरणार नाहीत. निकाल नोटीस लागल्यापासून ९० दिवसांत, फार तर ३० दिवस वाढवून. अपिलाला ६० दिवस. अर्ज स्वतः करता येतो, जमत नसेल तर दुसऱ्याला अधिकार देता येतो. अडलं तर ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला, १४५६७ वर विचारा.

मंगळवार_पेठ
आणि हेही लिहा की कायदा लागू होण्याआधीच्या बक्षीसपत्रांना कलम २३ लागत नाही. पेठेत तसलीच जास्त. वाक्यं दस्तात घालायची हे बरोबर. तरी मी मृत्युपत्रच म्हणणार. जे दिलंच नाही ते परत मागायला कचेरीत जावं लागत नाही.

राजारामपुरीकर
घर विकू नका, देऊ नका, गहाण टाका. बँकांची रिव्हर्स मॉर्टगेज योजना साठीच्या पुढच्यांसाठीच आहे. बँक पैसे देते, हप्ता भरायचा नाही, दोघांतलं एक जरी हयात असेल तोवर घरात राहायचं. नंतर वारसांनी कर्ज फेडून घर सोडवावं, नाहीतर बँक विकते.

मंगळवार_पेठ
सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर चार भावांची नावं, दोघं वारलेले, वारसनोंद नाही. कुठली बँक देणार? शेतीवर ही योजना मिळत नाही. तुमच्या सोसायटीतल्या फ्लॅटला ठीक आहे.

उचगावकर
मूळ विषयावर या, जागेवर. निवृत्तांच्या वसाहतींच्या जाहिरातीत हिरवळ दिसते. बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या महारेरानं २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी किमान अटी घातल्यात. एका मजल्यापेक्षा उंच इमारतीला लिफ्ट, चाकाच्या खुर्चीला रॅम्प, दारं किमान ९०० मिलिमीटर, बाथरूममध्ये आधाराचे दांडे. टेप घेऊन जा आणि बाथरूमचं दार मोजा, कारण बाहेरचं दार रुंद करून आतलं अरुंद ठेवतात. रॅम्प बारा फुटांना एक फुटापेक्षा जास्त चढता नसावा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे करार. खरेदीखत आहे की नुसता राहण्याचा हक्क? अनामत परत किती, आणि किती दिवसांत? दोघांतलं एक गेलं तर दुसऱ्याचा दर तोच राहतो का? आणि स्मृतिभ्रंश झाला किंवा माणूस अंथरुणाला खिळला तर ठेवून घेणार का? 'स्वावलंबी रहिवाशांसाठीच' असं कलम आत कुठंतरी असतं. गरज लागते तेव्हाच जागा सोडावी लागते.

आणि पूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये हायवेसुद्धा बंद पडला. केंद्र उंचावर आहे, एवढ्यावर समाधान मानू नका. तिथून सीपीआर या सरकारी दवाखान्यापर्यंतचा रस्ता कुठल्या पातळीला बंद होतो, ते गावात विचारा. ऑक्सिजनवरचा माणूस असेल तर जनरेटरला किती तासांचं डिझेल आहे तेही.

बावडेकर
पुराचं बरोबर हाय, शिये रस्त्यावर पाणी आलं की सगळं ठप्प. हे कुणी ध्यानात घेत न्हाई. पण ही सगळी पैसेवाल्यांची चर्चा झाली. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळणाऱ्या म्हातारीनं काय करायचं?

शुश्रूषा_आठवी_गल्ली
त्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधारांची सोय होईल एवढा वृद्धाश्रम शासनानं काढावा, असं कलम १९ आहे. ते मागायला तुमच्यासारख्यांनी पुढं यावं. तोवर धर्मादाय संस्था. पण ट्रस्टची नोंदणी म्हणजे शुश्रूषेची हमी नव्हे. सत्तरीच्या पुढं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा, उत्पन्नाची अट नाही, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. ते दवाखान्यात दाखल झाल्यावरच चालतं. मावशीला आणि केंद्राला त्यातून रुपया मिळत नाही.

बावडेकर
म्हंजे शेवटी घरच.

मिरजकर_तिकटी
घर असू दे. पाळ्यांना मिळून तीन माणसं, एक सैल चादर आणि रात्री उठणारा मुलगा असेल तर घर चांगलंच, हे मी पहिल्यापासून नाकारलेलं नाही. पण सांभाळणारं माणूस आजारी पडलं तर? त्यासाठी काही केंद्रं महिनाभरासाठी ठेवून घेतात. तसं आधी करून बघा. जाताना औषधांची चिठ्ठी, चष्मा, कवळी, नेहमीचं पांघरूण बरोबर द्या. परत आल्यावर पाठ, टाचा आणि वजन तपासा.

बावडेकर
महिनाभर चालंल. कायमचं म्हणू नका. आणि वजन आधी पण करा, नाहीतर नंतर कशाशी ताडून बघणार?