प्रतिसाद: ६७ की ७७ मिमीचा पोलरायझर?
तुमच्या एका लेन्सला ६७ मिमीचा फिल्टर बसतो, दुसरीला ७७, आणि पोलरायझर (चमक कमी करणारा, आकाश गडद करणारा, लेन्सपुढे लावायचा फिल्टर) कोणत्या मापाचा घ्यावा असं विचारलंत. दोन लेन्ससाठी दोन फिल्टर कशाला? ७७ मिमीचा एकच चांगला सर्क्युलर पोलरायझर (डिजिटल कॅमेऱ्यांना चालणारा प्रकार) घ्या, ६७ वाल्या लेन्सला स्टेप-अप रिंग (मोठा फिल्टर लहान लेन्सवर बसवणारी कडी) लावा. (त्या लेन्सचं हूड, म्हणजे बाजूचं ऊन अडवणारी कड, मग बसणार नाही, तेवढं सोसा.)

मरीन ड्राइव्हवर संध्याकाळी आकाश गडद होत नाही म्हणता, त्यात फिल्टरचा दोष नाही. सूर्य समोर असला की परिणाम जवळजवळ शून्य. सूर्यापासून ९० अंशांवर, म्हणजे गिरगाव चौपाटीकडे वळून फिल्टरची पुढची रिंग फिरवून बघा. वाइड (रुंद दृश्य टिपणाऱ्या) लेन्सवर मात्र आकाशात विचित्र काळपट पट्टा येतो.

माझ्या मते खरी मजा पावसाळ्यात. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात ओल्या पानांवरची चमक गेली की हिरवा रंग काय खुलतो! फिल्टरमुळे दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश जातो, तेव्हा आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवा.