मदत हवी आहे : 'मशीन्स' चालतं, मग 'इक्विपमेंट्स' का नाही?

स्टोअरवाला_चाकण

नमस्कार मंडळी. चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत स्टोअर सांभाळतो. शाळा मराठी माध्यमाची, पुढे आयटीआय. रोजचं इंग्रजी म्हणजे जीआरएन (आलेल्या मालाची पोचनोंद), चलन, गेटपास. आता परदेशी ग्राहकाला महिन्याचा रिपोर्टही आमच्याकडूनच जातो. या महिन्याचा रिपोर्ट लाल खुणा होऊन परत आलाय. 'इक्विपमेंट्स'चा एस उडवला, 'फर्निचर्स'चा उडवला, 'मशिनरीज'चं 'मशिनरी' केलं. पण त्याच पानावरच्या 'मशीन्स' आणि 'टूल्स'ला कुणी हात लावलेला नाही. वर 'ऑइल्स'सुद्धा तसंच ठेवलंय!

मुलीच्या गाईडात पाहिलं. जे मोजता येतं ते काउंटेबल, येत नाही ते अनकाउंटेबल. पाणी, वाळू, हवा इथवर पटतं. पण माझ्या रजिस्टरला फर्निचरचे 46 नग आहेत, प्रत्येकावर टॅग आहे, दरवर्षी मोजून सही होते. ते मोजता येत नाही कसं म्हणायचं? आणि आकडा लिहायचाच असेल तर लिहायचं कसं? पुढचा रिपोर्ट सोमवारी जातो.

निवृत्त_मास्तर

गाईडातली ती व्याख्या आधी डोक्यातून काढून टाका. मी शाळेत वर्षानुवर्षं तीच शिकवत आलो, कारण पेपरात तीच विचारतात. मोजणं वस्तूचं नसतं, शब्दाचं असतं. त्या शब्दाच्या आधी थेट आकडा लावायची भाषेची पद्धत आहे की नाही, एवढंच बघायचं.

आपल्याकडे बघा. पोहे भिजवले, पण साबुदाणा भिजवला. गहू दळले, ज्वारी दळली. दाणे दोन्हीकडे आहेत, ज्याला वेळ आहे त्याने मोजावेत. तरी एक अनेकवचनी आणि दुसरा एकवचनी. घरात कुणी याचा नियम विचारत नाही. इंग्रजीत तर गहू एकवचनी, व्हीट, आणि ओट्स अनेकवचनी. दोन्ही धान्यंच.

तुमच्या कामाचे जे शब्द अडलेत, ते बहुतेक गटाची नावं आहेत. फर्निचर, इक्विपमेंट, मशिनरी, लगेज, ज्वेलरी, स्टेशनरी. रजिस्टरच्या पानाचं शीर्षक म्हणा ना. नग खालच्या ओळींना असतात, शीर्षकाला नाही. चेअर, टेबल, लेथ मशीन या ओळी, म्हणून त्यांना एस लागतो. मात्र हा नियम समजून डोळे मिटून चालू नका. 'टूल' आणि 'व्हेइकल' हीही गटाचीच नावं, पण ती सरळ मोजली जातात.

हे कायमचं कोरलेलंही नसतं. वाटाण्याला जुन्या इंग्रजीत 'पीज' म्हणत, ते एकवचनी होतं. शेवटचा आवाज ऐकून लोकांना ते अनेकवचन वाटलं आणि सतराव्या शतकात त्यातून 'पी' हा नवा शब्द निघाला.

जहाजी_कागद

मी न्हावाशेव्याच्या बंदरावर सीएचएच्या, म्हणजे मालाचं कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटाच्या ऑफिसात आहे, हीच कागदपत्रं रोज हातात असतात. मास्तर बरोबर सांगतायत, मी फक्त सोमवारपुरतं सांगतो.

आकडा हवा असेल तर वस्तूचंच नाव लिहा. 'ट्वेल्व्ह चेअर्स' लिहिलं की विषय संपला. एकत्रच लिहायचं असेल तर 'फोर्टी सिक्स पीसेस ऑफ फर्निचर' किंवा 'आयटम्स ऑफ इक्विपमेंट'. नुसता एस खोडून थांबू नका, मागचंपुढचंही बदला. 'दीज इक्विपमेंट आर' नाही, 'धिस इक्विपमेंट इज'. 'मेनी' नाही, 'मच'. एस जातो आणि 'आर' तसाच राहतो, हे मी रोज बघतो.

'ऑइल्स' ठेवलं कारण तुम्ही बहुधा प्रकार सांगत होता, हायड्रॉलिक वेगळं, गिअरचं वेगळं. त्या अर्थाने 'स्टील्स'ही चालतं. लिटरचा हिशोब असेल तर मात्र 'ट्वेंटी लिटर्स ऑफ ऑइल'. तेलाला एस नाही, लिटरला आहे.

आता खरी धोक्याची जागा. माल फुटून आला तर जीआरएनवर 'डॅमेजेस' लिहू नका. 'डॅमेज' म्हणजे नुकसान, 'डॅमेजेस' म्हणजे कोर्टात मागायची नुकसानभरपाई. 'गुड्स रिसीव्ह्ड इन डॅमेज्ड कंडिशन' लिहा. आणि 'गुड्स' नेहमी अनेकवचनीच, तरी 'टेन गुड्स' म्हणत नाहीत. दहा बॉक्स असतील तर बॉक्स लिहा.

पुणेरी_शंका

मग 'ॲडव्हाइस' अनकाउंटेबल असताना आमच्या अकाउंट्समध्ये 'रेमिटन्स ॲडव्हाइसेस' कसे येतात?

जहाजी_कागद

तिथे ॲडव्हाइस म्हणजे सल्ला नाही, पैसे पाठवल्याचं कळवणारा कागद. कागद मोजता येतात. 'वर्क'चंही तसंच. काम या अर्थाने एकवचनी, पण रस्तेपूल बांधणारं खातं पब्लिक वर्क्स.

शब्दकोशवाली

प्रत्येक शब्दाला धागा काढण्यापेक्षा लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा कोश घ्या, ऑक्सफर्डची किंवा केंब्रिजची. नामापुढे सी (काउंटेबल) किंवा यू (अनकाउंटेबल) छापलेलं असतं. कधी दोन्ही असतात, तेव्हा खालचे अर्थ वेगवेगळे वाचा. साध्या इंग्रजी कोशात ही खूण सहसा मिळत नाही, कारण तो ज्यांची भाषाच इंग्रजी आहे त्यांच्यासाठी केलेला असतो. ऑक्सफर्डच्या या लर्नर्स कोशाचं मूळ जपानमधलं. हॉर्नबी तिथे इंग्रजी शिकवायचे, 1942 साली त्यांचा कोश टोकियोत निघाला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो आपल्या नावाने काढला. जपानीत नामाला सहसा वचनाचा प्रत्यय लागत नाही, त्यामुळे तिथल्या विद्यार्थ्यांची अडचण तुमच्याहून मोठी.

नवे शब्दही तपासा. 'ईमेल्स' आता सगळे लिहितात, 'सॉफ्टवेअर्स' आणि 'फीडबॅक्स' अजून खटकतात.

स्टोअरवाला_चाकण

सगळ्यांचे आभार. रिपोर्टच्या फॉरमॅटमध्येच 'नग' या रकान्याला 'पीसेस' करून टाकलं, आता वरचं शीर्षक कसंही असो. मास्तर, मुलीच्या पेपरात काय लिहायचं ते तुम्हीच सांगा!

एक राहिलं. महिन्याला जे भंगार बाहेर जातं, कटिंगचे लोखंडी तुकडे वगैरे, त्याला 'स्क्रॅप' की 'स्क्रॅप्स'? तुकडे तर ढीगभर असतात.

निवृत्त_मास्तर

पेपरात गाईडातलंच लिहू दे, मार्क त्यालाच आहेत.

जहाजी_कागद

'स्क्रॅप'च, आणि पुढे वजन टाका. 'स्क्रॅप्स' म्हणजे कागदाकापडाचे कपटे, नाहीतर ताटात उरलेलं खरकटं. ते लिहिलंत तर ग्राहक विचारेल, हा स्टोअरचा रिपोर्ट की कँटीनचा?